आवरण बदलणारे जीव : प्रस्तावना

सर्रा हा तापाचा रोग झालेल्या बैलाच्या कानाची शीर टोचून रक्ताचा ताजा थेंब काचपट्टीवर घ्यावा, वर पातळ काच ठेवावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. आधी तांबड्या पेशींची दाटी तेवढी दिसते. मग एका कोपऱ्यात त्या पेशी हलू लागतात, बाजूला सरकतात, पुन्हा जागेवर येतात. तिथे नजर स्थिर ठेवली की त्यांच्यामधून वळवळत जाणारा, जवळजवळ पारदर्शक असा एक जीव सापडतो. अंगाच्या कडेने लहरणारी झालर, तिच्या टोकाला पुढे निघालेला तंतू. हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. एकाच पेशीचा, लांबीला मिलिमीटरचा साधारण चाळिसावा भाग. गिम्साच्या रंगात रंगवलेल्या पट्टीवर तो जांभळट आणि निपचित दिसतो, ओळखायला सोपा जातो. पण त्याची खरी ओळख ताज्या थेंबातच पटते, आणि या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने तो थेंब एकदा तरी पाहावा.

तो पाहिल्यावर जो प्रश्न पडायला हवा, त्याच्याभोवती हे पुस्तक लिहिले आहे. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून बसतो. काळ्या आजाराचा लीशमानिया तर ज्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात त्यांच्याच पोटात वाढतो. सर्राचा ट्रिपॅनोसोमा असा पेशीत लपत नाही. तो उघड्या रक्तात पोहतो, आणि त्याच रक्तात त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडे, सतत फिरत असतात. तरीही तो महिनोन् महिने जनावराच्या अंगात टिकतो. कसा? याचे उत्तर त्याच्या अंगावरच आहे.

ट्रिपॅनोसोमाच्या सबंध पृष्ठभागावर एका प्रथिनाचे दाट आवरण असते. कणसावर ज्वारीचे दाणे दाटावेत तशी या प्रथिनाची सुमारे एक कोटी रेणूंची गर्दी एका पेशीवर असते, आणि एका वेळी ते सगळे रेणू एकाच प्रकारचे असतात. शास्त्रज्ञ त्याला व्हीएसजी म्हणतात; बदलते पृष्ठप्रथिन असे आपण म्हणू. जनावराचे शरीर प्रतिपिंडे बनवते ती या आवरणाविरुद्ध, कारण बाहेरून दिसते तेवढेच. प्रतिपिंडे पुरेशी झाली की परजीवी हजारोंनी मरतात, ताप उतरतो, जनावर चारा खाऊ लागते, मालकाला हायसे वाटते. पण वाचलेल्या मोजक्या काहींनी तोवर वेगळ्या प्रथिनाचे आवरण चढवलेले असते. जुनी प्रतिपिंडे त्यांना ओळखत नाहीत. तेच वाढतात, आणि आठवड्याभरात ताप पुन्हा चढतो. पुन्हा नवी प्रतिपिंडे, पुन्हा उतार, पुन्हा नवे आवरण. दर फेरीत जनावर अधिक खंगते, रक्त कमी होते, पाय सुजतात. काही जनावरे शेवटी गोल गोल फिरतात, भिंतीला डोके लावून उभी राहतात.

ही अदलाबदल पेशीच्या आत कशी होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सर्राच्या परजीवीचा आफ्रिकन भाऊ, ट्रिपॅनोसोमा ब्रुसी, याच्यावर सर्वाधिक काम झाले आहे. त्याच्याकडे या प्रथिनाच्या जनुकांचा साठा हजारांच्या घरात असतो. पण जनुक वाचले जाण्याची जागा गुणसूत्रांच्या टोकांजवळ असते. अशा पंधरा-वीस जागा असतात आणि त्यांतली एका वेळी एकच चालू असते. आवरण बदलायचे म्हणजे साठ्यातल्या दुसऱ्या जनुकाची नक्कल काढून ती या चालू जागी बसवायची, किंवा ही जागा बंद करून दुसरी चालू करायची. २००५ साली या परजीवीचा सबंध जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा साठ्यातली बहुतेक जनुके तुटकी, अर्धवट असल्याचे आढळले. ती वाया गेलेली नाहीत. दुखणे लांबले की अशा तुकड्यांची जुळवाजुळव करून परजीवी नवीच प्रथिने घडवतो. म्हणजे साठा मोजून संपेल आणि एक दिवस शरीर जिंकेल, ही आशाही धरता येत नाही.

प्रतिपिंडे थोडी असतील तर तो आणखी एक गोष्ट करतो. आवरणातले रेणू पेशीच्या कातडीत रुतलेले नसतात. एका स्निग्ध दुव्याने ते वरवर अडकवलेले असतात आणि पृष्ठभागावर सरकू शकतात. परजीवी पुढे पोहतो तेव्हा प्रतिपिंड चिकटलेले रेणू त्या पोहण्याने अंगालगत निर्माण होणाऱ्या प्रवाहाने मागे ढकलले जातात, आणि मागच्या बाजूला असलेल्या एका खळग्यातून तो ते गिळून पचवतो. जर्मनीतल्या संशोधकांनी हे २००७ साली दाखवले. पोहण्यामुळेच अंग स्वच्छ होत राहते. एका पेशीच्या जीवात इतकी योजना सापडावी, याचे नवल इतकी वर्षे वाचूनही मला कमी झालेले नाही.

पृष्ठप्रथिनांचा अभ्यास या एका जीवापुरता नाही. परजीवीचा बाहेरच्या जगाशी जो काही व्यवहार होतो तो पृष्ठभागावर होतो: पेशी ओळखणे, तिला धरणे, आत शिरणे, अन्न घेणे, आणि यजमानाच्या संरक्षणव्यवस्थेला चकवणे. आमांशाचा अमिबा आतड्याच्या अस्तरावरची गॅलॅक्टोज ही शर्करा पकडणाऱ्या प्रथिनाने चिकटतो. व्हायव्हॅक्स मलेरियाला तांबड्या पेशीत शिरायला पेशीवर डफी नावाचे प्रथिन लागते. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या पेशींवर ते नसते, म्हणून तो मलेरिया तिथे फारसा रुजला नाही. फाल्सिपेरम मलेरिया तांबड्या पेशीत दडतो खरा, पण त्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला स्वतःचे प्रथिन आणून लावतो आणि तिला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवतो. मेंदूच्या बारीक वाहिन्यांत हे घडले की रोगी बेशुद्ध होतो. या प्रथिनाची साठेक जनुके १९९५ साली उजेडात आली. तीही आलटून पालटून वापरली जातात. लहान मुलांचे पोट बिघडवणाऱ्या जिआर्डियाकडे अशी दोनशेच्या आसपास जनुके आहेत. वेगवेगळ्या कुळांतले हे जीव स्वतंत्रपणे एकाच युक्तीपर्यंत पोहोचले.

या विद्येचा इतिहास आपल्या उपखंडात सुरू होतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स हा लष्करी पशुवैद्य तेव्हाच्या पंजाबात डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंट का मरतात हे शोधायला गेला. आजारी जनावरांच्या रक्तात त्याला हा वळवळणारा जीव दिसला, आणि ते रक्त टोचल्यावर निरोगी जनावरही आजारी पडते हे त्याने दाखवले. रक्तातले असले जीव रोगाचे कारण नव्हेत, असे मानण्याचा तो काळ होता. त्यामुळे त्याचे म्हणणे गळी उतरायला वेळ लागला. आज परजीवीच्या नावात त्याचे नाव आहे. ट्रिपॅनोसोमामुळे रोग होतो हे जगात पहिल्यांदा सिद्ध झाले ते या सर्रावर. आफ्रिकेतला निद्रारोग नंतर आला. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत क्रम उलटा शिकवला जातो, तो सुधारायला हवा.

पुढची पायरी आकड्यांची होती. रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी १९१० साली निद्रारोगाच्या एका रोग्याच्या रक्तातले परजीवी रोजच्या रोज मोजले आणि त्यांचा चढउतार आलेखावर मांडला. चढ, उतार, पुन्हा चढ. मलेरियाचा डासाशी संबंध दाखवणारा तोच हा रॉस. पण चढउतार का होतो हे कळायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १९६९ साली कीथ व्हिकरमन यांनी रक्तातल्या ट्रिपॅनोसोमावर जाडसर आवरण असल्याचे आणि निद्रारोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या पोटात गेल्यावर ते गळून पडत असल्याचे दाखवले. १९७५ साली जॉर्ज क्रॉस यांनी ते आवरण सोडवून शुद्ध प्रथिन हाती घेतले. वेगवेगळ्या लाटांतल्या परजीवींवर वेगवेगळे प्रथिन असते हे तेव्हा पक्के झाले. मग नेदरलँड्समधल्या पीट बोर्स्ट यांच्यासारख्यांनी जनुकांची हालचाल उलगडली, आणि १९८८ साली तो स्निग्ध दुवा रेणूपर्यंत उकलला गेला. तसेच दुवे माणसाच्या पेशींवरही असतात. सर्राच्या चुलत घराण्यावरचे हे काम त्यामुळे सबंध जीवशास्त्राच्या कामी आले.

या क्षेत्रात ढोबळमानाने दोन विचार नांदतात. एकाला बदलत्या प्रथिनांचे आकर्षण: ती कशी बदलतात, कोणत्या क्रमाने, कशाच्या हुकमाने. दुसरा म्हणतो, जे बदलते त्याच्यामागे धावून लस मिळणार नाही. जे बदलू शकत नाही ते शोधा. अन्न आत घेणारी प्रथिने, पेशीत शिरण्यासाठी लागणारी प्रथिने बदलली तर परजीवीच मरेल. पहिल्या विचाराने ज्ञान जास्त दिले. पण गोठ्यातल्या आणि घरातल्या माणसाचा फायदा दुसऱ्याने होईल, असे माझे मत आहे. जिआर्डियावर मात्र तिसरी वाट निघाली. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी त्याची बदलाबदलीची यंत्रणाच बिघडवली, त्याला सगळी पृष्ठप्रथिने एकदम अंगावर बाळगायला लावली, आणि असे परजीवी दिलेल्या प्राण्यांना पुढच्या लागणीपासून संरक्षण मिळाले.

आता विदर्भाकडे येतो, कारण या पुस्तकाचे मूळ तिथे आहे. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येत-जात राहू लागला. पाच महिने हे चालले. नागपूरच्या डॉक्टरांना त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा दिसले. कधी भरपूर, कधी अगदी थोडे. हा माणूस आफ्रिकेत कधी गेलेला नव्हता. सर्व तपासण्यांनंतर तो जनावरांचा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीच निघाला. माणसात याची लागण पूर्णपणे सिद्ध झालेली जगातली ही पहिली घटना, आणि २००५ साली ती प्रसिद्ध झाली. सुरामिन हे जुने औषध मिळवून त्याला देण्यात आले आणि तो बरा झाला.

प्रश्न असा की सर्रा शतकानुशतके गुरांत आहे, शेतकरी शतकानुशतके गुरांत राबतो आहे, मग माणसाला तो एरवी का होत नाही? माणसाच्या रक्तात एपीओएल-१ नावाचे प्रथिन असते. ते चरबी वाहून नेणाऱ्या कणांबरोबर फिरते. ट्रिपॅनोसोमाला लोहयुक्त हीम लागते, आणि ते मिळवण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर हिमोग्लोबिन धरणारे एक प्रथिन असते. माणसाच्या रक्तातले ते कण याच प्रथिनाला फसवून आत शिरतात आणि एपीओएल-१ परजीवीला आतून फोडते. अन्नाच्या दारातून विष आत जाते. चंद्रपूरच्या शेतकऱ्याच्या शरीरात एपीओएल-१ बनतच नव्हते; आई आणि वडील दोघांकडून आलेल्या त्या जनुकात दोष होता. बेल्जियम आणि भारतातल्या संशोधकांनी हे २००६ साली दाखवले, आणि बाहेरून एपीओएल-१ मिसळल्यावर त्याच्या रक्तातली परजीवी मारण्याची ताकद परत आली.

पूर्व आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीने याच विषावर उतारा तयार केला आहे. एपीओएल-१ला धरून निकामी करणारे त्याचे प्रथिन हे व्हीएसजीचेच बदललेले रूप आहे. आवरणाच्या साठ्यातले एक प्रथिन वेगळ्याच कामाला लागले आणि जनावरांचा रोग माणसाचा झाला. आपल्याकडच्या इव्हान्सीत असे काही घडल्याचा पुरावा नाही. पण निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. पुढे व्हिएतनाममध्ये एका स्त्रीला याच परजीवीची लागण झाली, आणि तिचे एपीओएल-१ शाबूत होते.

चंद्रपूरच्या घटनेनंतर त्या शेतकऱ्याच्या गावात १,८०६ लोकांच्या रक्ताची चाचणी झाली. ४१० जण पहिल्या फेरीत सकारात्मक निघाले. परजीवी मात्र कुणाच्याही रक्तात सापडला नाही. म्हणजे सर्रा पसरवणारी घोडमाशी चावते, परजीवी अंगात जातो, शरीर त्याला ओळखते आणि मारते, हे तिथे नित्य घडत असावे. ही चाचणीही एका पृष्ठप्रथिनावर आधारलेली आहे. इंडोनेशियातल्या एका म्हशीच्या रक्तातून १९८२ साली मिळालेल्या परजीवीचे आवरण त्यासाठी वापरतात, कारण इव्हान्सीचे बहुतेक वाण लागणीच्या सुरुवातीला कधी ना कधी तेच आवरण चढवतात. चकवण्यासाठी बनलेले प्रथिन इथे परजीवीला पकडून देते.

लशींच्या बाबतीतही महाराष्ट्राचे नाव आले आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या सोंडेतून येतो तेव्हा त्याच्या अंगावर जे प्रथिन असते, त्याचा तुकडा हिपॅटायटिस बीच्या पृष्ठप्रथिनाला जोडून दोन लशी तयार झाल्या. पहिलीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. दुसरी, आर-२१, ऑक्सफर्डमध्ये घडली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. तिची शिफारस ऑक्टोबर २०२३मध्ये झाली. आफ्रिकेतली मुले आज पुण्यात बनलेली ही लस घेत आहेत. एका परजीवीच्या पृष्ठप्रथिनाच्या अभ्यासातून हातात काय पडते, असे विचारणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे. गुरांच्या ट्रिपॅनोसोमावर अशी लस अजून नाही. पण २०२१ साली गुरांतल्याच ट्रिपॅनोसोमा व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीच्या तंतूवरचे, न बदलणारे एक प्रथिन सापडले आणि त्याने उंदरांना संरक्षण दिले. न बदलणारे शोधा म्हणणाऱ्यांचा हा पहिला ठोस विजय.

वऱ्हाडात हे सगळे कुणासाठी लिहायचे? मी अकोल्यात जुने शहर भागात राहतो. मोर्णेच्या या बाजूला आजही घरांना लागून गोठे आहेत, आणि शहराबाहेर पडले की पूर्णेच्या खोऱ्यात पूर्णाथडी म्हशींपासून संकरित गाईंपर्यंत सगळे काही आहे. संकरित गाय दूध जास्त देते, पण गोचीड ताप तिलाच लवकर मारतो. तो ताप आणणारा थायलेरियाही आदिजीव परजीवीच. गोचिडातून आलेले त्याचे रूप पृष्ठप्रथिनांच्या जोरावर पांढऱ्या पेशीत शिरते आणि त्या पेशीला बेसुमार वाढायला लावते. त्यावर भारतात लस बनते, बुपार्व्हाक्वोन हे औषध मिळते, तरी गावात ‘गाय तापाने गेली’ एवढेच ऐकू येते. अकोल्यात पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठ आहे. या तिघांच्या विद्यार्थ्यांना एकत्र वाचता येईल असे मराठी पुस्तक मात्र नव्हते. चंद्रपूरची घटना सांगते की गुरांचा डॉक्टर आणि माणसांचा डॉक्टर यांनी एकमेकांच्या काचपट्ट्या पाहायला हव्यात.

याच संदर्भात एक कळकळीची गोष्ट. मलेरियाच्या झटपट तपासणीच्या किटने खेड्यापाड्यांत मोठे काम केले, यात शंका नाही. पण ती किट मलेरियाचीच प्रथिने ओळखते. ताप चढतो-उतरतो, किट नकारात्मक येते, आणि रुग्ण घरी जातो. त्याच्या रक्तात दुसरे काही असेल तर किटला ते कळणार नाही. रक्ताची काच पाहणारा तंत्रज्ञ ते सांगू शकतो. ही विद्या हातातून जाऊ देऊ नये. गुरांच्या बाबतीतही तेच. ताप आला की अंदाजाने इंजेक्शन देण्याआधी कानातला थेंब पाहायला पाच मिनिटे लागतात. सर्रावरचे क्विनापायरामिन आणि गोचीड तापावरचे औषध वेगवेगळे आहे. चुकीचे दिले तर पैसाही जातो आणि जनावरही.

पुस्तकाचा मुख्य भार ट्रिपॅनोसोमावर आहे. मलेरिया आणि थायलेरिया सोबत येतात, बाकीचे परजीवी तुलनेपुरते. काळ्या आजारावर मी कमी लिहिले आहे, कारण त्याचे मोठे क्षेत्र बिहारकडचे आणि त्यावर जाणकारांनी भरपूर लिहिले आहे. रसायनशास्त्र टाळलेले नाही. स्निग्ध दुवा, शर्करांच्या साखळ्या, प्रथिनाच्या घड्या हे सगळे आकृत्यांसह दिले आहे, कारण ते वगळले तर उरतात त्या नुसत्या सुरस कथा. मात्र प्रत्येक ठिकाणी कोणत्या प्रयोगाने काय कळले ते सांगितले आहे. निष्कर्ष पाठ करून ही विद्या येत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पहिल्या पानापासून वाचावे. पशुवैद्य आणि पशुपालकांनी सर्राच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. रसायनशास्त्राची पाने नंतर उघडावीत. आणि ज्यांच्या हाताशी सूक्ष्मदर्शक आहे त्यांनी एक करावे: या पावसाळ्यात घोडमाश्या वाढल्या की ताप आलेल्या गुरांच्या रक्ताच्या पट्ट्या तयार करून ठेवाव्यात, तारीख आणि गाव लिहून. वऱ्हाडातल्या सर्राचा नीट हिशेब मांडायचा तर सुरुवात अशा पट्ट्यांपासूनच करावी लागेल.

जुने शहर, अकोला